डिस्काउंट मागू नका, कोटेशन मागा

नागपुरात कोणी नवी गाडी घ्यायची म्हटली की घरातला एक जण तरी विचारतोच, "डिस्काउंट किती देऊन राहिले?" गाडी दारात आल्यावर शेजारीही तेच विचारतात. शोरूमवाल्यांचं फावतं ते याच प्रश्नामुळे. चारचौघांत सांगायला तुम्हाला एक मोठा आकडा हवा असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ते तो आकडा देतात. मग विम्यात थोडे, ॲक्सेसरीजमध्ये थोडे, कर्जाच्या व्याजात थोडे आणि जुन्या गाडीच्या भावात थोडे, असे सगळे परत काढून घेतात.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात खरेदी आणि हिशेब बघते. बेअरिंगपासून पॅकिंगच्या खोक्यांपर्यंत सगळ्याची कोटेशनं माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे नात्यात कोणाला गाडी घ्यायची झाली की मला सोबत नेतात. नुकतीच भाच्याची गाडी झाली. तो मिहानमध्ये नोकरीला आहे, मानेवाड्याला राहतो. कंपनी, मॉडेल, सीएनजी की पेट्रोल हे सगळं त्याचं ठरलं होतं; मला फक्त पैशाचं बोलायला नेलं. तसंच असावं. मॉडेल आणि व्हेरिएंट न ठरवता घासाघीस करायला बसलात तर बोलणं भलतीकडेच जातं, आणि तुम्ही वरच्या व्हेरिएंटवर "चांगला डिस्काउंट" मिळवून खुशीत घरी येता. रंग मात्र दोन-तीन चालतील असं ठेवा. लवकर न उठणारा रंग त्यांच्या यार्डात उभा असेल तर तिथे सूट जास्त निघते.

पहिल्या भेटीत एकच काम करायचं: ऑन-रोड किमतीचा (टॅक्स, विमा, नोंदणी सगळं धरून होणाऱ्या एकूण रकमेचा) कागद घ्यायचा, ओळीओळीने फोडलेला, तारखेसह, शोरूमच्या लेटरहेडवर नाहीतर त्यांच्या ईमेलवरून. हे सोपं वाटतं, पण इथेच पहिली कुस्ती होते. आमचं बोलणं असं झालं:

"मॅडम, आज बुक करून राहिले का? आज करत असाल तर मी मॅनेजरसोबत बोलून पाहतो."

"आज नाही जी. आज फक्त कागद पाहिजे."

"कागद कायले पाहिजे, मी तोंडी सांगतो ना."

"तोंडी सांगितलेलं माह्या लक्षात राहत नाही, भाऊ."

मग तो व्हिजिटिंग कार्डाच्या मागे एक आकडा लिहून देतो. ते घेऊ नका. "सरांनी सही केली नाही", "सिस्टिम बंद आहे", "कोटेशन बुकिंगनंतरच निघतं" हेही ऐकायला मिळेल. उठून निघालात की सिस्टिम सुरू होते. खरंच देत नसतील तर दुसरं शोरूम गाठा. मोठ्या कंपन्यांचे नागपुरात एकाहून जास्त डीलर आहेत. कामठी रोड, वर्धा रोड, अमरावती रोड अशी एक शनिवार-दुपार फिरलात तर दोन कागद सहज हाती येतात. तिसरा वर्ध्याहून, भंडाऱ्याहून किंवा अमरावतीहून फोनवर मागवा. राज्य तेच असल्यामुळे रोड टॅक्स तोच लागतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार राज्यातल्या कोणत्याही आरटीओकडे नोंदणी करता येते. छिंदवाड्याच्या फंदात पडू नका. तिथे राज्य बदलतं, तात्पुरता नंबर आणि टॅक्सची धावपळ मागे लागते, आणि वाचलेले पैसे त्यातच जातात.

आता कागद कसा वाचायचा ते सांगते. भाच्याला मिळालेले दोन कागद शेजारी ठेवू. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. गाडी पेट्रोल, एक्स-शोरूम (रोड टॅक्स, विमा, नोंदणी सोडून गाडीची किंमत) ९,५०,०००. रोड टॅक्स ११ टक्क्यांनी १,०४,५००. इथवर दोन्हीकडे सारखंच, बेरीज १०,५४,५००.

पहिल्या शोरूमचा कागद: विमा ५४,०००, ॲक्सेसरीज किट २२,०००, हँडलिंग ६,५००, रजिस्ट्रेशन, फास्टॅग आणि इतर मिळून ९,५००. डिस्काउंट ४५,०००. तळाचा आकडा ११,०१,५००.

दुसऱ्या शोरूमचा कागद: विमा ४१,०००, ॲक्सेसरीज ६,०००, हँडलिंग नाही, रजिस्ट्रेशन आणि इतर ४,०००. डिस्काउंट फक्त २५,०००. तळाचा आकडा १०,८०,५००.

भाचा पहिल्या शोरूमवर भाळला होता. "मावशी, हे वीस हजार जास्त सोडून राहिले ना!" वीस हजार जास्त सोडणारा शेवटी एकवीस हजारांनी महाग होता. मी दोन्ही कागदांवरची डिस्काउंटची ओळ पेन्सिलने खोडली, तळाच्या आकड्याभोवती गोल केला आणि पुढचं सगळं बोलणं त्या गोलावर केलं.

काही ओळींवर मात्र शक्ती घालवू नये. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते. रोड टॅक्स सरकारचा: महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांमध्ये १२ आणि त्यावर १३, डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. टप्पा ओलांडला की वाढीव दर पूर्ण किमतीवर लागतो. ९,९५,००० च्या पेट्रोल गाडीचा टॅक्स १,०९,४५० आणि १०,०५,००० च्या गाडीचा १,२०,६००. शिवाय १० लाखांच्या वरच्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच कापून घेतलेला आयकर) घेतो. तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून मिळतो. पण गाडी घेताना खिशातून जातोच. म्हणून किंमत दहाच्या अलीकडे-पलीकडे असेल तर खालचा व्हेरिएंट घेऊन काय काय सुटतं ते एकदा मांडून पाहा. आमच्या लाईनीतल्या धंदेवाल्यांसाठी आणखी एक: गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर रोड टॅक्स २० टक्के होतो. सीए काय म्हणतो ते ऐका, पण ही ओळ त्याच्यासमोर ठेवा.

नोंदणीची सरकारी फी किरकोळ असते. मोटारीला ६०० रुपये, स्मार्ट कार्डचे २००, कर्ज असेल तर त्याच्या नोंदीचे १,५००. वर थोडा टपाल, उपकर वगैरे धरा. "रजिस्ट्रेशन आणि इतर" म्हणून नऊ-दहा हजार दिसले की फक्त विचारायचं, "यातली आरटीओची पावती कितीची मिळेल?" आवाज चढवायची गरजच पडत नाही. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट एप्रिल २०१९ पासून गाडीसोबतच येते, तिचे वेगळे पैसे लावले असतील तर खोडायला लावा. फास्टॅगच्या रकमेत काही भाग तुमच्याच खात्यात शिल्लक म्हणून राहतो, तो किती ते विचारून घ्या.

हँडलिंग चार्ज, लॉजिस्टिक चार्ज, डेपो चार्ज अशी नावं कागदावर दिसतील. यातलं काहीही सरकारला जात नाही. एक्स-शोरूम किमतीत गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च धरलेला असतो. त्यांच्या यार्डातून शोरूमपर्यंत कोणी ड्रायव्हर गाडी चालवत आणतो त्याचे साडेसहा हजार मी का द्यायचे? आणि हे कमी करायला सांगू नका, काढायला सांगा. "हे तर सगळेच देतात मॅडम" असं म्हणाले की म्हणायचं, "मग या नावाने वेगळं जीएसटी बिल द्या, मी कंपनीला ईमेल करून विचारते." आमच्या वेळी ती ओळ तिथल्या तिथे गेली.

विमा

खरे पैसे इथे आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवतं. २०२२ साली अधिसूचित झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४०, आणि १८ टक्के जीएसटी धरून साधारण साडेबारा हजार. १००० सीसीपर्यंत ६,५२१, १५०० च्या वर २४,५९६. यात कोणी एक रुपया कमी करू शकत नाही. पहिल्या शोरूमच्या ५४ हजारांतले साडेबारा असे बाजूला काढले की उरतात साडेएक्केचाळीस. हा भाग म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आणि ॲड-ऑन, म्हणजे वरून घ्यायची जादा कव्हरं. घासाघीस इथेच होते, कारण डीलरचं कमिशन इथेच असतं.

विमा शोरूममधूनच घ्यावा असा नियम कुठेही नाही. गाडीचा इंजिन नंबर आणि चासिस नंबर मिळाला की तुमच्या एजंटकडून किंवा ऑनलाइन पॉलिसी काढता येते. शोरूमवाले म्हणतील, "बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस होणार नाही." कॅशलेस हे विमा कंपनीचं आणि वर्कशॉपचं आपसातलं जुळवणं असतं. तुम्ही निवडलेल्या विमा कंपनीच्या यादीत ते सर्व्हिस सेंटर आहे की नाही एवढं पाहा. "मग डिस्काउंट देता येणार नाही" असं म्हणाले तर समजा की डिस्काउंट कुठून येत होता ते त्यांनी स्वतःच सांगून टाकलं.

तुलना करताना दोन गोष्टी सारख्या ठेवा. एक, आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा उतरवलेली किंमत. नव्या गाडीला ती साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. हप्ता कमी दाखवायचा तर आयडीव्ही खाली ओढतात आणि आपल्या लक्षात येत नाही. दुसरं, ॲड-ऑनची यादी. झिरो डेप (क्लेममधून घसारा न कापणारं कव्हर) घ्याच. चावी हरवल्याचं कव्हर, टायरचं कव्हर, सामान चोरीचं कव्हर यांवर मी काट मारते. पण नागपुरात इंजिन प्रोटेक्टवर काट मारू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा पार्किंगमधल्या किती गाड्या बुडाल्या ते सगळ्या शहराने पाहिलं. पाणी शिरलेल्या इंजिनाला साधी पॉलिसी सहसा हात वर करते. तुम्ही तळमजल्यावर पार्किंग असलेल्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर हजार-दीड हजारासाठी विचार करत बसू नका.

जुनी गाडी विकून नवी घेत असाल तर नो क्लेम बोनस विसरू नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात ५० टक्के सूट, आणि ती नव्या गाडीवर लावता येते. जुन्या विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. भाच्याची ही पहिलीच गाडी, त्यामुळे त्याला नाही मिळालं. पण माझ्या जाऊबाईंच्या वेळी या एका पत्राने जेवढे वाचले तेवढे शोरूमच्या "स्पेशल ऑफर"नेही वाचवले नव्हते, आणि शोरूममध्ये कोणीही आपणहून त्याचं नाव काढलं नव्हतं.

बाहेरच्या एजंटचं कोटेशन घेऊन परत शोरूममध्ये गेलात की बहुतेक वेळा ते त्याच्या जवळपास येतात. आमच्याकडे दुसऱ्या शोरूमने ४१ चे ३७ हजार केले. त्याच आयडीव्हीला बाहेर ३६,५०० होते. पाचशेसाठी मी ताणलं नाही. गाडी ठोकली गेलीच तर एकाच दारात जावं लागतं, हा फायदा पाचशेचा आहे.

बाकीच्या ओळी

ॲक्सेसरीज किट म्हणजे मॅट, मड फ्लॅप, सीट कव्हर, डोअर व्हायझर, परफ्यूम आणि एक छत्री. बाहेर याच वस्तू बऱ्याच स्वस्त मिळतात, वायरिंगला हात लावणारं काही नसेल तर वॉरंटीचाही प्रश्न येत नाही. मॅट आणि मड फ्लॅप फुकट मागा, बाकी नको म्हणा. टेफ्लॉन कोटिंग आणि खालून मारायचं अँटी-रस्ट कोटिंग विकायचा फार आग्रह होतो. अहो, आपल्याकडे समुद्राची खारी हवा नाही, उन्हाळ्यात ४५ अंशांचं ऊन आहे. पैसा घालायचाच तर उन्हासाठी घाला, गंजासाठी नको.

एक सांगून ठेवते. डिस्काउंटऐवजी "मॅडम, दहा हजारांच्या ॲक्सेसरीज फ्री देतो" म्हणाले तर त्या दहा हजारांची त्यांना पडणारी किंमत बरीच कमी असते. रोख कमी करून मागा.

कर्ज शोरूममधून घेतलं की बँक डीलरला काहीतरी देते, त्यामुळे तेही त्यांच्या कमाईचं कलम आहे. आधी तुमच्या पगाराच्या बँकेतून दर लिहून आणा. सात लाखांचं पाच वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांऐवजी साडेनऊने घेतलं तर दहा हजारांच्या वर जास्त जातात. पहिल्या शोरूमच्या डिस्काउंटचा जवळपास चौथा हिस्सा असा गेला. प्रोसेसिंग फी, मुदतीआधी कर्ज फेडायचे चार्जेस आणि कर्जासोबत गळ्यात मारलेला जीवन विमा हेही विचारा. कोणी "फक्त ५ टक्के फ्लॅट" (कर्ज फिटत गेलं तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच) म्हणालं तर सरळ हप्ता विचारा. पाच वर्षांच्या कर्जावर ५ टक्के फ्लॅट म्हणजे नेहमीच्या हिशेबाने ९ च्या वर.

जुनी गाडी द्यायची असेल तर तिचं नावच काढू नका, नव्या गाडीचा तळाचा आकडा पक्का होईपर्यंत. आधी सांगितलं की दोन्ही हिशेब एकमेकांत कालवतात आणि मग डिस्काउंट कशावर मिळाला तेच कळत नाही. बाहेरच्या दोघांकडून जुन्या गाडीचा भाव काढून ठेवा. शोरूमचा भाव आणि एक्स्चेंज बोनस मिळून तो बाहेरच्या भावाच्या वर जात असेल तरच तिथे द्या. जुनी गाडी अगदीच भंगारात निघाली असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातून डिपॉझिट सर्टिफिकेट घ्या. २०२४ साली अनेक कार कंपन्यांनी त्यावर एक्स-शोरूमच्या दीड टक्का किंवा २० हजार, यांतलं जे कमी असेल तेवढी सूट ठराविक मुदतीसाठी जाहीर केली होती; आता काय मिळतं ते विचारा. एक्स्चेंज बोनस आणि स्क्रॅपची सूट दोन्ही एकत्र सहसा मिळत नाहीत.

कॉर्पोरेट डिस्काउंट मागितल्याशिवाय मिळत नाही. आपल्या शहरात वेकोलि, मॉइल, रेल्वे, महानिर्मिती, आयुध निर्माणी, बँका, शाळा-कॉलेजं यांत घरातलं कोणी ना कोणी असतंच. ओळखपत्र आणि पगाराची स्लिप न्या, त्या कंपनीच्या यादीत तुमचं ऑफिस आहे का ते विचारा. कोणाच्या नावावर घेतलेली गाडी चालते, हेही तिथेच कळेल. घरात फौजी असेल तर आधी लष्कराच्या कँटीनमधून गाडी केवढ्याला पडते तो भाव काढा, मग शोरूममध्ये जा.

कधी जायचं

आपल्याकडे पितृपक्षात कोणी गाडी घेत नाही. शोरूममध्ये माशा मारत बसलेले असतात आणि महिन्याचं टार्गेट तर असतंच. त्या पंधरवड्यात बोलणी करा, भाव लिहून घ्या आणि डिलिव्हरी दसऱ्याची मागा. घरच्या मोठ्यांचाही मान राहतो. दसऱ्याच्या आठवड्यात बोलणी करायला गेलात तर तुमच्याकडे पाहायलाही कोणाला वेळ नसतो; त्यातून दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे वर्धा रोडच्या बाजूला जाणं हाच एक कार्यक्रम होतो. गुढीपाडवा आणि अक्षय तृतीयेचंही तसंच: भाव आधी, पूजा त्या दिवशी.

महिनाअखेर चांगली, पण ३१ तारखेची संध्याकाळ नको. त्यांच्या हिशेबात विक्री धरली जायला बिल, विमा, कर्ज हे सगळं महिन्यात बसावं लागतं. २४-२५ तारखेला पोचलात तर मॅनेजरला अजून एक गाडी बसवायची घाई असते आणि तुम्हाला गाडी नीट तपासायला वेळ असतो. मार्चअखेर हे जास्त खरं. डिसेंबरात सूट सगळ्यात मोठी दिसते, कारण जानेवारीत तीच गाडी मागच्या वर्षाची होते. विकताना तुम्हालाही तो फटका बसणार, म्हणून दोन-तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्यांनी डिसेंबरच्या डिस्काउंटला भुलू नये. दहा वर्षं वापरणाऱ्यांनी खुशाल घ्यावी.

बुकिंग करताना

गाडी यार्डात नसेल आणि मागवून द्यायची असेल तर बुकिंग फॉर्मच्या खालचा बारीक मजकूर वाचा. तिथे लिहिलेलं असतं की डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू होईल. कंपनीच्या ऑफरही महिन्याच्या असतात आणि गाडीचं बिल ज्या महिन्यात फाडलं जातं त्या महिन्याच्या लागतात. तुम्ही २६ तारखेला पैसे भरून आलात आणि गाडी पुढच्या महिन्याच्या १० ला आली, तर ठरलेली सूट हवेत विरते आणि "कंपनीने ऑफर बंद केली, आम्ही काय करणार" असं ऐकावं लागतं.

ही कलमं ग्राहकाच्या बाजूनेही फिरतात, हे २०२५ साली दिसलं. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्के झाला. ज्यांचं बुकिंग होतं पण बिल झालं नव्हतं त्यांना नवी, कमी किंमत लागली. म्हणून भाव वाढला तर आधीचा आणि टॅक्स कमी झाला तर नवा, असं दोन्ही लिहून मागा. पहिलं नेहमी मिळेलच असं नाही, पण डीलर स्वतःच्या खिशातून जेवढी सूट देतो आहे तेवढी तरी कायम ठेवायला तो कबूल होतो. भाच्याच्या वेळी मी सेल्स मॅनेजरला व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर असं पाठवलं:

"आजच्या बोलण्यानुसार: अमुक मॉडेल, अमुक व्हेरिएंट, पांढरा किंवा करडा रंग. ऑन-रोड एकूण १०,६३,५००. यात तीन वर्षांचा थर्ड पार्टी आणि एक वर्षाचा पूर्ण विमा, आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट, मॅट, मड फ्लॅप, नोंदणी, फास्टॅग. याखेरीज कोणतीही रक्कम नाही. डिलिव्हरी ३० तारखेपर्यंत. तुमच्याकडून उशीर झाल्यास डीलरची सूट कायम राहील, अन्यथा बुकिंगची पूर्ण रक्कम परत. गाडी चालू वर्षात तयार झालेली असावी. मान्य असल्यास कळवावे."

"ओके मॅडम" एवढंच उत्तर आलं. तेवढं पुरतं.

१०,६३,५०० चा हिशेब असा: १०,५४,५०० मध्ये विमा ३७ हजार आणि नोंदणी वगैरे ४ हजार मिळवले, ॲक्सेसरीजची ओळ गेली, आणि डिस्काउंट २५ चा ३२ हजार झाला. शेवटचे सात हजार सोडताना मॅनेजर दोनदा केबिनमध्ये जाऊन आला. हे आत-बाहेर जाणं ठरलेलंच असतं, त्याने घाबरू नका. तो आत असताना आपण आपसात "घेऊन टाकू बे" असं कुजबुजू नका, बाकी काही नाही. मी तोवर त्यांचा चहा घेतला आणि भाच्याला मोबाईल बघत बसायला सांगितलं. ज्याला गाडी आवडली आहे त्याचा चेहरा बोलणीच्या टेबलासमोर असू नये.

बुकिंगची रक्कम लहान ठेवा. शोरूमच्या खात्यात भरा, सेल्समनच्या यूपीआयवर नाही. पावतीवर "परतावा मिळेल" हे लिहिलेलं असावं.

ज्या गाडीला महिनोन्महिने वेटिंग आहे तिथे सूट मागून उपयोग नाही. तिथे फक्त सक्तीचं किट, हँडलिंग आणि महागडा विमा हे तीन फास सोडवून घ्या. ऐकत नसतील तर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, आणि त्यानेही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

बिल आणि डिलिव्हरी

बिल फाडायच्या आधी चासिस नंबर मागा आणि यार्डात जाऊन तीच गाडी पाहा. एकदा तुमच्या नावाने बिल आणि विमा झाला की बदलून मिळणं अवघड. दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या प्लेटवर तयार झाल्याचा महिना बघा. विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म २१ वर, तोच महिना-वर्ष यायला हवा. टायरवर चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी जवळपासच्या तारखांची असावी. किलोमीटर, रंगावरचे ओरखडे, काचांवरचे नंबर बघा. एसी चालू करून दहा मिनिटं बसा. गाडी बरीच जुनी निघाली तर नाकारा, किंवा त्या वयाची वेगळी सूट मागा. डिस्काउंट मागायला यापेक्षा चांगलं कारण नाही.

पैसे आरटीजीएस किंवा चेकने. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कायद्यानेच घेता येत नाही, आणि "थोडे कॅशमध्ये द्या, बिलात ॲडजस्ट करतो" याला तर कधीच हो म्हणू नका. अंतिम बिल, विमा पॉलिसी आणि तुमचा व्हॉट्सॲप मेसेज तिन्ही शेजारी ठेवून बेरीज जुळवा. फरक निघाला तर उरलेली रक्कम भरण्याआधी सांगा, भरल्यावर नाही.

शेवटी, डिलिव्हरीच्या दिवशी सेल्समन हमखास म्हणतो, "मॅडम, कंपनीतून फोन येईल, फुल मार्क द्या जी." त्याचा इन्सेन्टिव्ह त्या फोनवर असतो, आणि पोरगं मेहनती असेल तर मार्क द्यायला हरकत नाही. फक्त सांगून ठेवा: आरसी, दुसरी चावी आणि राहिलेले मड फ्लॅप हातात आल्यावर.